बाबांची खोली

आमच्या मुलांच्या रुग्णालयाची नवी इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा तिच्या समितीवर मला घेतलं ते मी इमारतींमधली जाणकार म्हणून नव्हे. त्या दिवशी बैठकीला मी उशिरा पोचले, एवढंच. ओपीडी आटपून धापा टाकत वर गेले, तोवर बाकीच्या डॉक्टरांनी आपापल्या अडचणी सांगून सुटका करून घेतली होती. मी दारातच होते, तेवढ्यात आमचे प्रशासक म्हणाले, "या. डॉक्टरांच्या प्रतिनिधी आल्याच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुण्यात टाळ्या इतक्या पटकन वाजल्या की समजावं, काहीतरी आपल्या गळ्यात पडलंय.

प्रशासक म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले कर्नल. खडकीहून यायचे. कपड्यांना कडक इस्त्री, आणि टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत. आमच्या बैठका म्हणजे एकाच वेळी चौघांनी बोलायचं आणि पाचव्याने चहा मागायचा, अशा. त्या त्यांना मनापासून आवडत नसत, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त पेन्सिली पुन्हा सरळ करायचे.

इमारतीची आखणी करणारी आर्किटेक्ट तिशीतली मुलगी होती. उंच, सडपातळ, कापलेले केस, पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा ती माझ्या खोलीबाहेर नळकांडं काखेत धरून उभी होती, तेव्हा मी तिला औषध कंपनीची प्रतिनिधी समजले. "आज सॅम्पल नकोत," असं म्हणून तिला वाटेला लावलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, सॅम्पल नाही. अख्खी इमारत आणलीय." तेव्हाच ती मला आवडली.

पहिल्या दोन बैठका प्राण्यांमध्ये गेल्या. प्रत्येक मजल्याला एकेक प्राणी द्यायचा, म्हणजे मुलांना आपला मजला ओळखता येईल, अशी तिची कल्पना. हत्ती, जिराफ, मोर बिनविरोध निवडून आले. सापावर मात्र एकमत होईना. एक सर्जन म्हणाले, "रविवारी कात्रजच्या सर्पोद्यानात हीच मुलं रांग लावतात. त्यांना साप चालतो, तुम्हाला का नाही?" दुसरे म्हणाले, "ऑपरेशन थिएटरच्या मजल्यावर साप? नातेवाईक तिथूनच परत फिरतील." सुशिक्षित, वयस्क माणसं सापावर पाऊण तास भांडली. शेवटी साप पडला आणि त्याच्या जागी कासव आलं. ऑपरेशनच्या मजल्याला कासव. वेळेच्या बाबतीत ते आम्हाला शोभून दिसतं, असं मी म्हटलं तेव्हा सर्जनमंडळी आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीत.

तिसऱ्या बैठकीत ती वॉर्डांचे नकाशे घेऊन आली. नकाशे सुंदर होते. प्रत्येक खाटेशेजारी आईला झोपायला गादीचा बाक. आयांसाठी न्हाणीघर. अंगावर पाजायला वेगळी खोली. बाटल्या उकळायला ओटा. अगदी आजीला पाय पसरून बसता येईल अशी खिडकीतली बैठकसुद्धा. मी बघत बघत शेवटच्या कागदापर्यंत गेले. पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

"आणि बाप?" मी विचारलं.

कुणाला कळलंच नाही. ती मुलगी कागद उलटत म्हणाली, "तळमजल्यावर वेटिंग आहे ना."

"लाउंज आहे," कर्नल म्हणाले. "टीव्ही आहे. पिण्याचं पाणी आहे."

"मूल चौथ्या मजल्यावर आणि बाप टीव्हीसमोर?"

"मॅडम, इतकी वर्षं बाप बाहेरच थांबतात. आजवर एक तक्रार आलेली नाही."

"तक्रार करायलासुद्धा आत यावं लागतं," मी म्हटलं.

कर्नलांनी एक पेन्सिल सरळ केली आणि पुढचा विषय घेतला. पण बैठक संपल्यावर ती मुलगी माझ्यामागे जिन्यात आली. "मला जुने वॉर्ड दाखवाल? तिथे बाप नेमके कुठे असतात ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी निघालो. आमच्याकडे दोन जुन्या इमारती. एक दगडी, उंच छताची, समोर लांबलचक व्हरांडा असलेली. तिथल्या शहाबादी फरशा एप्रिल-मेमध्येही गार असत आणि मुलं सलाइनचा हात वर धरून त्यांवर पोटावर लोळत. दुसरी नंतर बांधलेली, मोझॅइकची, भिंतींना खांद्यापर्यंत हिरवा ऑइलपेंट. तिच्यात एकच गोष्ट छान होती. स्ट्रेचर न्यायला केलेला लांब उतार. डोळ्यांदेखत बरी होत चाललेली मुलं तिथे सलाइनच्या चाकाच्या स्टँडवर उभी राहून घसरत येत. त्यांना ओरडायला आम्ही एक आया कायमची उताराच्या पायथ्याशी बसवली होती. ती ओरडायचीही, पण आधी घसरू द्यायची.

बाप कुठे होते? सगळीकडे, फक्त आत नाही. उताराखाली कोंडाळं करून बसलेले. मोटारसायकलवर आडवे झालेले. मेडिकलच्या दुकानासमोर. आणि दगडी वॉर्डाच्या खिडक्यांखाली. त्या खिडक्या बुटक्या, गजांच्या. आई आतून मुलाला उचलून धरायची, बाप बाहेरून टाचा उंचावायचा. मी शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा कसबा पेठेतले एक मुसलमान गृहस्थ रोज दुपारी तिथे येत. पत्र्याच्या पेट्या करायचा त्यांचा धंदा. त्यांची मुलगी कमरेपासून प्लॅस्टरमध्ये, खिडकीपासून लांबच्या खाटेवर. तिला उठवता येत नव्हतं. ते आले की अंगठीने गजावर ठेका धरत. ती पडल्या पडल्या चमच्याने खाटेच्या लोखंडी दांडीवर उत्तर देई. मग ते काही अवघड वाजवत, ती चुकली की बाहेरून त्यांचं हसणं ऐकू येई. वॉर्डातली इतर मुलंही वाजवू लागली, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी चमचे जप्त केले. मुलगी बरी होऊन घरी जाईपर्यंत त्या दोघांची भेट एवढीच.

हे सगळं त्या आर्किटेक्ट मुलीने उभ्या उभ्या ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे आत कुणी बाप कधी आलाच नाही?"

"एक आला होता," मी म्हटलं. आणि आम्ही व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसलो.

त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली असतील. कात्रजपलीकडची गावं तेव्हा नुकती शहरात आली होती. शेतांच्या जागी इमारती उठत होत्या आणि शेतकऱ्यांच्या मुलांनी बैल विकून जेसीबी घेतले होते. हे गृहस्थ त्यांतलेच. आमच्या फाटकातून ते पहिल्यांदा आले ते पांढरी गाडी, पांढरा शर्ट, पांढरे बूट, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी आणि मागे चार मित्र अशा थाटात. वॉचमनने चुकून सलाम ठोकला.

थाट होता, पण चेहऱ्यावर रंग नव्हता. बायकोचा रक्तदाब वाढून तिला झटके आले होते. मूल दिवस भरायच्या खूप आधी काढावं लागलं. ती दुसऱ्या मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत, आणि ओंजळीत मावेल एवढा मुलगा आमच्याकडे काचेच्या पेटीत. पेटीतून तो बाहेर आला, नळीने दूधही घेऊ लागला, पण वजन काही हलेना. वडील रोज यायचे, वॉर्डाच्या दाराला एक गोल काच होती तिला कपाळ टेकवून उभे राहायचे आणि निघून जायचे.

एके दिवशी त्यांनी मला गाठलं. "डॉक्टर, पोराला मोठ्या दवाखान्यात हलवू का? काय लागंल ते सांगा. कमी पडायचं न्हाय."

"लागेल ते तुमच्याकडेच आहे."

"काय?"

"छाती."

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मित्रांनाही तसंच वाटलं. एकजण पुढे सरसावला.

मग मी त्यांना समजावलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं की ते उबेत राहतं, श्वास नीट घेतं, वजन धरतं. कांगारू आपलं पिल्लू ठेवते तसं. आमच्याकडे ही पद्धत नुकतीच सुरू झाली होती आणि भिंतीवरच्या तक्त्यातली सगळी चित्रं आयांचीच होती. या बाळाची आई शुद्धीवरही पुरती आली नव्हती. तिची आई तिच्यापाशी. यांच्या आईला जुनाट खोकला, तिला बाळाजवळ जाऊ देणं शक्य नव्हतं. राहिले हे.

"म्हंजी मी उघडा बसू? हितं? बायकांत?" त्यांनी मागे वळून मित्रांकडे बघितलं. चौघेही छताकडे बघू लागले.

अडचण खरीच होती. वॉर्ड म्हणजे एक मोठा दिवाणखाना, त्यात वीसेक बाया पोरांना अंगावर घेऊन बसलेल्या. तिथे शर्ट काढलेला धिप्पाड माणूस बसवायचा कुठे? मोठ्या सिस्टर पाठीमागे उभ्या होत्या. वॉर्ड त्यांचा. त्यांच्या परवानगीशिवाय तिथे माशीसुद्धा बसत नसे. त्यांनी त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "चादरींच्या खोलीत बसा. उद्या अंघोळ करून या. अत्तर नको. ती साखळी घरी ठेवा. बाळाला अजून कुणाची श्रीमंती कळत नाही."

दुसऱ्या दिवशी ते एकटे आले. केस ओले, अंगात साधा शर्ट, गळा मोकळा. माणूस निम्मा झाल्यासारखा वाटत होता. सिस्टरांनी चादरींचे ढीग सरकवून जागा केली होती आणि डॉक्टरांच्या खोलीतली वेताची आरामखुर्ची आणवली होती. जेवणानंतर त्या खुर्चीत डुलकी काढणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी पुढे महिनाभर खुर्ची शोधत होते. आम्ही कुणीच सांगितलं नाही.

त्यांनी शर्ट काढला, पण ठेवायचा कुठे कळेना. चादरींवर ठेवला तर सिस्टरांनी तो चिमटीत धरून परत दिला. शेवटी तो त्यांनी गुंडाळून पाठीशी घेतला. टोपी-मोजे घातलेलं बाळ मी त्यांच्या छातीवर उभं ठेवलं आणि मऊ सुती पट्ट्याने बांधलं. बघते तर यांचे दोन्ही हात वर, पोलिसांना शरण आल्यासारखे.

"हात खाली घ्या."

"दाबलं गेलं तर?"

"नाही दाबलं जात."

"लई हलकं हाय ओ. हाय का न्हाय त्येच कळंना."

मी त्यांचा एक हात धरून बाळाच्या पाठीवर ठेवला. पाठ संपली तरी हात उरला होता. बाळाने जरा वळवळ केली, तोंड वाकडं केलं आणि छातीवरचे केस मुठीत पकडून ओढले.

"डॉक्टर," ते कुजबुजले, "धरलं यानं."

"धरू दे."

"दुखतंय."

"मग?"

"मग काय न्हाय. राहू द्या."

त्यानंतर किती तरी वेळ ते श्वासही बेताने घेत होते. मी समोरच्या स्टुलावर बसून टिपणं करतेय असं दाखवत होते. खरं तर नुसती बघत होते. इतकी वर्षं मुलांमध्ये काम करूनही, बाप आपल्या मुलाला पहिल्यांदा हात लावतो तो क्षण मी कधी पाहिला नव्हता. तो आमच्याकडे दाराबाहेरच घडायचा.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रिंगटोन ढोलताशाची. बाळ दचकलं, बाप त्याहून दचकला. सिस्टर आल्या, त्यांनी फोन टॉवेलात गुंडाळला आणि चादरींच्या ढिगाखाली खोल दाबला. मग दुपारभर अधूनमधून त्या ढिगाच्या पोटातून मिरवणूक जात राहिली.

ते रोज येऊ लागले. पहिले दोन-तीन दिवस मित्र खिडकीखाली थांबले, मग कंटाळून येईनासे झाले. हळूहळू ते बाळाशी बोलायला लागले. एकदा मी दाराशी थबकून ऐकलं. "त्या टेकाडाच्या अंगाला आपली विहीर होती बग. आता तितं क्लबहाऊस झालंय. तुज्या आज्यानं खणली ती. पोहायला म्या तितंच शिकलो. तुला आता पोहायला गेटवर नाव लिवून जावं लागंल." बाळ झोपलेलं होतं. वजनाचा आलेख मात्र वर सरकू लागला होता.

मग आई बरी झाली. एके दुपारी तिला चाकाच्या खुर्चीवरून आणलं. यांनी बाळ स्वतः तिच्या छातीवर ठेवलं आणि म्हणाले, "डोकं डावीकडं ठिव. उजवीकडं ठिवलं की कुरकूर करतंय." ती माझ्याकडे बघून क्षीण आवाजात म्हणाली, "हे कधी शिकले?"

सगळे हसले. हेही हसले. मग शर्टाची बटणं लावता लावता त्यांनी मला विचारलं, "आता मी कवा येऊ?"

मी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "आता आई आलीय. पुरुषांना आत परवानगी नाही."

दुसऱ्या दिवशी मी राउंडला गेले तर ते दाराच्या गोल काचेला कपाळ टेकवून बाहेर उभे होते.

माझं सांगून झालं.  आर्किटेक्ट मुलीने चादरींची खोली बघायला मागितली. खोली तशीच होती. ती आत जाऊन जमिनीवर बसली, भिंतींकडे बघितलं, मापं घेतली. मग म्हणाली, "मॅडम, त्यांचा नंबर आहे?"

नंबर होता. दर दिवाळीला त्यांच्याकडून मिठाईचा भला मोठा खोका येतो आणि त्याला मुलाचा नवा फोटो चिकटवलेला असतो.

पुढच्या बैठकीला मी त्यांना बोलावलं. मोठ्या सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, पण वॉर्डाचं कुणाला कळत असेल तर त्यांना, म्हणून कर्नलांनी त्यांनाही सल्लागार म्हणून बोलावलं. सिस्टर आल्या त्या माझ्याविरुद्ध बोलायला. दारातच मला म्हणाल्या, "माझी सगळी नोकरी पुरुषांना वॉर्डाबाहेर काढण्यात गेली. आता तुम्ही त्यांना खोली बांधताय म्हणे."

तेवढ्यात ते आले. पोट सुटलेलं, केसांना कलप, कपडे तसेच पांढरे.

"सिस्टर, वळखलं का?"

"साखळी परत घातलीत."

"आता पोरगं बारावीला हाय. त्येच्यावर छाप पाडायची हाय."

"पडते का?"

"न्हाय ओ."

टेबलावर नकाशे पसरले होते. आम्हाला ते समजायला महिना लागला होता, यांनी उभ्या उभ्या वाचले. धंदाच तो. "पार्किंग कमी हाय," म्हणाले. "ही लिफ्ट हितं चुकलीय, पावसाचं पानी येईल." आर्किटेक्टने पावसाचं मान्य केलं नाही. दोघांची बऱ्यापैकी जुंपली. शेवटी कर्नलांनी घसा खाकरला.

"आपल्याला बोलावलंय ते वेगळ्या कामासाठी. आपण वॉर्डात मुलाला छातीवर घेऊन बसला होतात. भीती नाही वाटली?"

"लई वाटली, साहेब. जेसीबी दरीत जाता जाता वाचवलाय म्या, तवा एवढी न्हाय वाटली." ते थांबले. "पन घरी बसून जी वाटायची त्यापरास कमी."

"मग बापासाठी काय करायला पाहिजे, असं आपलं म्हणणं?"

"झोपायला बेड-बिड नको. आमी कुठंबी झोपतो. पन दार लागतंय अशी खोली पायजे. शर्ट अडकवायला खुंटी पायजे. आन्..." त्यांनी नकाशावरच बोट ठेवून वाक्य पूर्ण केलं. "आन् आई बरी झाली म्हनून बापाला भाईर काडू नका."

सिस्टरांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मीच काढलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"नियम होता तसा."

"व्हय. म्या तवाबी काय म्हनलं न्हाय, आताबी म्हनत न्हाय."

मला वाटलं, झालं, सिस्टर विरघळल्या. पण त्या सिस्टर होत्या. चष्मा पुन्हा चढवून त्यांनी सुरुवात केली. "तुमच्या खोलीला माझी हरकत नाही. पण तिथे जायचं कुठून? वॉर्डातूनच ना? खेड्यातून आलेली बाई अंगावर पाजत बसलीय आणि समोरून परके पुरुष येताहेत-जाताहेत. ती पाजणार नाही. पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसेल. मी बघितलंय." असा विचारच मी केला नव्हता.

आर्किटेक्ट मुलीने पेन्सिल मागितली. कर्नलांनी रांगेतली मधली उचलून दिली. हे मी प्रथमच पाहत होते. तिने लिफ्टसमोरच्या पॅसेजमधून एक दार काढलं, मग एक खोली, आणि खोलीच्या मागच्या भिंतीत, बाळांच्या बाजूला, दुसरं छोटं दार. "बाबा लिफ्टमधून थेट इथे येतील. नर्स मागच्या दाराने बाळ आणून देईल. आयांच्या वॉर्डात कुणी पाऊल टाकणार नाही."

"पण ही माझी रेकॉर्ड रूम आहे," कर्नल म्हणाले.

"हो."

"रेकॉर्ड कुठे ठेवू?"

"तळमजल्यावर," मी म्हटलं. "टीव्हीसमोर."

कर्नल हसले. त्यांना हसू येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सगळे इतके चकित झालो की ठराव मंजूर झाल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

खोली मंजूर झाली, पण नावावरून घोळ सुरू झाला. कार्यालयातून प्रस्ताव आला, 'पितृकक्ष'. सिस्टरांना फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "पितृपक्षासारखं वाटतंय. बाहेर कावळे बसतील." मग कुणी 'जनक विश्राम' सुचवलं, ते धर्मशाळेसारखं वाटलं. अखेर पाटीवर साधं 'बाबांची खोली' लिहिलं. पुण्यात पाटी लागली आणि तिच्यात एकही सूचना नाही, हे कर्नलांना सहन होईना. त्यांनी खाली छोट्या अक्षरांत भर घातली: 'फोन बंद. तंबाखू बंद. राजकारण बंद.'

इमारत झाली. मुलांना हलवायचा दिवस आला तेव्हा जुन्या वॉर्डातली मुलं रांगेने उतारावरून खाली निघाली. कुणी कडेवर, कुणी चाकाच्या खुर्चीत. जी चालत होती त्यांनी शेवटची म्हणून स्टँडवरून घसरून घेतलं. पायथ्याची आया तेव्हा ओरडलीही नाही. नव्या इमारतीत गेल्यावर एका सहा वर्षांच्या मुलाने सगळीकडे हिंडून येऊन विचारलं, "घसरगुंडी कुठाय?" आर्किटेक्ट मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तो उतार तिने मोजला होता, फोटोही काढले होते, पण नवीन नकाशात चार लिफ्ट होत्या आणि उतार नव्हता. "हे राहिलं," ती म्हणाली. तिला फार लागलं ते. मी तिला चहाला नेलं.

आणखीही काही काही फसलं. मुलांच्या उंचीला लावलेल्या नळांना हात पुढे केला की आपोआप पाणी यायचं होतं, पण एवढेसे हात नळाला दिसतच नसत. मुलांच्या आया येऊन आपला हात पुढे करत. जिराफ इतका मोठा रंगवला गेला की रांगणाऱ्या बाळांना त्याचे फक्त खूर दिसत. लिफ्टच्या दाराशी मात्र पावसाचं पाणी आलं. मी दिवाळीच्या फोनवर कात्रजच्या गृहस्थांना सांगितलं, तेव्हा ते इतके खूश झाले की बायकोला बोलावून पुन्हा सांगायला लावलं.

बाबांची खोली सुरुवातीला रिकामीच राहिली. हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. चार आरामखुर्च्या, खुंट्या, खिडकीला पडदे, सगळं सज्ज, आणि माणूस नाही. बाप सवयीप्रमाणे खाली मोटारसायकलींवर. विचारलं तर म्हणत, "नको, बाळाची आई आहे ना वर." आठवड्याभरात तिथे सलाइनचे खोके रचलेले दिसले. मी इतकी हिरमुसले की दोन दिवस त्या मजल्यावर राउंडला दुसऱ्याला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी गेले तर खोके गायब. कर्नलांनी स्वतः उभं राहून हलवले होते. एवढंच नाही, तर खाली वाहनतळावर जाऊन प्रत्येक बापाला विचारत फिरले होते, "आपलं मूल कुठल्या मजल्यावर? चौथ्या? मग आपण इथे काय करताय?" त्यांच्या आवाजात असं काही होतं की दोघं जण बिडी टाकून थेट लिफ्टकडे गेले. दोघं आले म्हणून चार आले. मग नर्सेसनीच सवय लावली. आता त्या आईला विचारतात तसं बापालाही विचारतात, "तुमची बसायची वेळ कधी?"

परवा दुपारी मी तिथे डोकावले. पडदे ओढलेले, तीन खुर्च्या भरलेल्या. एका खुर्चीत आयटीतला तरुण, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र, ते पाठीवर उलटं टाकलेलं, आणि छातीवर काल पेटीतून बाहेर आलेला मुलगा. शेजारी टेम्पो चालवणारे एक जण, त्यांची मुलगी गाढ झोपलेली. तिसरे आजोबा होते, मुलगा परगावी म्हणून त्याच्या जागी बसलेले.

"मॅम," तो तरुण घाबऱ्याघुबऱ्या कुजबुजला, "याला शिंक आली. इज दॅट ओके?"

मी काही म्हणायच्या आत टेम्पोवाले म्हणाले, "शिंकू द्या हो साहेब. सुरुवातीला मलाबी तसंच झालं. हिला उचकी लागली तर मी बेल दाबून तीन नर्सा बोलावल्या."

"आणि मग?"

"मग त्या चिडल्या."

आजोबा डोळे मिटून होते, तसेच हसले. मी शिंकलेल्या बाळाची टोपी कानांवर नीट ओढली, श्वास बघितला. छान चालला होता. त्याच्या बापाचा मात्र अजून अडकलेलाच होता. त्याला म्हटलं, "तुम्ही पण घ्या," आणि पुढच्या खोलीकडे वळले.